आर्नोल्ड लन

सर आर्नोल्ड हेन्री मूर लन (जन्म : मद्रास, १८ एप्रिल १८८८, मृत्यू : लंडन, २ जून १९७४) हे ब्रिटिश गिर्यारोहक, लेखक आणि अल्पाइन स्कीइंग या क्रीडाप्रकाराचे प्रमुख प्रवर्तक होते. पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून वेगाने खाली येण्याच्या शर्यतींना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली ती मुख्यतः त्यांच्या प्रयत्नांमुळे. आजच्या स्वरूपातील स्लालम शर्यतीचे जनकत्व त्यांच्याकडे जाते. १९३१ सालची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा त्यांनी भरवली आणि १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ समाविष्ट होण्यामागेही त्यांचाच पाठपुरावा होता. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय अल्पाइन स्कीइंगमध्ये आज दर हंगामाअखेर जो गुणतक्ता जाहीर होतो, त्याची मुळे लन यांनी सुरू केलेल्या शर्यतींपर्यंत जातात.

पूर्वायुष्य

लन यांचे वडील हेन्री लन हे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक व डॉक्टर होते. धर्मप्रसारक म्हणून ते मद्रासला आले असताना आर्नोल्ड यांचा जन्म झाला. प्रकृतीने साथ न दिल्याने हेन्री लवकरच कुटुंबासह इंग्लंडला परतले. त्यामुळे ज्या माणसाने आपले आयुष्य बर्फाला वाहिले, त्याचा जन्म मात्र बर्फ कधीच न पडणाऱ्या शहरात झाला होता. विविध ख्रिस्ती पंथांच्या धर्मगुरूंना एकत्र आणण्यासाठी हेन्री यांनी १८९२ पासून स्वित्झर्लंडमधील ग्रिंडेलवाल्ड येथे परिषदा भरवल्या. पाहुण्यांच्या प्रवासाची व निवासाची व्यवस्था करता करता त्यांचा प्रवासी व्यवसायच उभा राहिला. हिवाळ्यात ओस पडणाऱ्या आल्प्समधील गावांत इंग्रज पर्यटक नेण्याच्या कामी हेन्री अग्रेसर होते. म्यूरेन या गावी जाणारी रेल्वे हिवाळ्यातही सुरू ठेवण्यास त्यांनीच कंपनीला राजी केले. पुढे मुलाची कर्मभूमी ठरलेले गाव हेच.

आर्नोल्ड यांनी दहाव्या वर्षी, १८९८ मध्ये, फ्रान्समधील शामोनी येथे प्रथम स्की पायांना बांधल्या. त्यांचे शिक्षण हॅरो येथे आणि नंतर ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात झाले. विद्यार्थिदशेतच, १९०८ मध्ये, त्यांनी अल्पाइन स्की क्लबची स्थापना केली. स्की हे हिवाळ्यात उंच शिखरे गाठण्याचे साधन आहे असे मानणाऱ्यांची ही संस्था होती. त्या काळातील बहुतेक जुन्या गिर्यारोहकांना हा विचार पोरकट वाटत असे.

अपघात

१९०९ च्या उन्हाळ्यात वेल्समधील काडेर इद्रिस पर्वताच्या कड्यावर चढत असताना हाताखालचा खडक निसटला आणि लन खाली कोसळले. उजव्या पायाचे हाड मोडून बाहेर आले. पाय कापण्याची वेळ टळली, पण तो कायमचा आखूड झाला आणि जखम कित्येक वर्षे भरली नाही. तरीही जेमतेम चालता येऊ लागताच ते पुन्हा स्कीवर उभे राहिले. पुढची सर्व दीर्घ मोहिमांची वाटचाल त्यांनी याच पायाने केली. १९१७ मध्ये जोसेफ क्नूबेल या वाटाड्यासह त्यांनी डोम शिखराची स्कीच्या साहाय्याने पहिली चढाई केली. १९२४ मध्ये तीन स्विस साथीदारांसह ते आयगरवर स्कीसह गेले. पहिल्या महायुद्धात पायामुळे त्यांना सैन्यात घेण्यात आले नाही. त्या काळात स्वित्झर्लंडमध्ये ठेवलेल्या ब्रिटिश व फ्रेंच युद्धकैद्यांच्या सोयीसाठी ते म्यूरेन येथे काम करीत होते.

कंदाहार चषक

अपघातानंतर दीडच वर्षाने, ७ जानेवारी १९११ रोजी, स्वित्झर्लंडमधील मोन्ताना येथे लन यांनी एक उतारशर्यत भरवली. स्पर्धकांनी आदल्या दिवशी चढून डोंगरावरील निवाऱ्यात रात्र काढली. दुसऱ्या दिवशी प्लेन मोर्त हिमनदीवरून ते सर्व एकाच वेळी निघाले आणि गावापर्यंत घसरत आले. मार्ग आखलेला नव्हता, बर्फ दाबून सारखा केलेला नव्हता. जो आधी पोहोचेल तो विजयी. सेसिल हॉपकिन्सन यांनी ही शर्यत ६१ मिनिटांत जिंकली.

या शर्यतीचा चषक फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांनी दिला होता. रॉबर्ट्स यांच्या उपाधीत कंदाहारचे नाव होते. जुलै १८८० मध्ये मैवंद येथे मुंबई लष्कराच्या पलटणींचा समावेश असलेल्या ब्रिटिश फौजेचा अफगाणांनी पराभव केला. तेव्हा वेढ्यात सापडलेल्या कंदाहारच्या सुटकेसाठी रॉबर्ट्स काबूलहून सुमारे तीन आठवड्यांत फौज घेऊन आले होते. चषकाबरोबर हे नाव स्कीइंगमध्ये आले आणि आज युरोप-अमेरिकेतील अनेक स्की-मार्ग व शर्यती त्याच नावाने ओळखल्या जातात. (हे कंदाहार अफगाणिस्तानातील होय. परळी वैजनाथच्या पूर्वेस, नांदेड जिल्ह्यात असलेल्या किल्ल्याच्या कंधारशी त्याचा संबंध नाही.)

स्लालम : डौल नव्हे, वेळ

विसाव्या शतकाच्या आरंभी स्कीइंगचे नेतृत्व नॉर्वेकडे होते. सपाट व चढउताराच्या प्रदेशातील लांब पल्ल्याची शर्यत आणि उंचवट्यावरून घेतलेली उडी हेच खरे स्कीइंग, अशी नॉर्डिक देशांची धारणा होती. केवळ खाली येण्याची शर्यत त्यांना कमी प्रतीची वाटे. स्लालम हा शब्दही नॉर्वेजियनच. मध्य युरोपात त्या नावाच्या ज्या स्पर्धा होत, त्यांत स्पर्धक वळणे किती सफाईने घेतो हे पाहून पंच गुण देत.

लन यांचा आक्षेप नेमका येथे होता. वळण कशासाठी घ्यायचे? समोर झाड आहे म्हणून. उतारावरच्या जंगलातून जाणाऱ्याने झाडे चुकवायची आणि वेग गमवायचा नाही, एवढेच त्याचे काम. म्हणून त्यांनी झाडांच्या जागी निशाणांच्या जोड्या रोवल्या. प्रत्येक जोडीमधून जाणे सक्तीचे केले आणि निकाल घड्याळावर सोपवला. वळण देखणे होते की बेढब, याला किंमत उरली नाही. १९२२ च्या जानेवारीत म्यूरेनच्या उतारावर या पद्धतीची पहिली शर्यत झाली. बदल दिसायला किरकोळ होता, परंतु पंचाच्या मताची जागा मोजता येणाऱ्या वेळेने घेतली. त्यामुळे निरनिराळ्या देशांतील स्पर्धकांची एकाच निकषावर क्रमवारी लावणे शक्य झाले. पुढचे सारे गुणतक्ते या एका निर्णयावर उभे आहेत.

१९२४ मध्ये लन यांनी म्यूरेन येथे कंदाहार स्की क्लबची स्थापना केली. १९२८ मध्ये ऑस्ट्रियातील सांक्ट आन्टोन येथे विख्यात स्की-शिक्षक हानेस श्नायडर यांच्या सहकार्याने आर्लबर्ग-कंदाहार शर्यत सुरू झाली. तीत उतारशर्यत व स्लालम अशा दोन्हींचे निकाल एकत्र करून विजेता ठरवला जाई. केवळ धाडसी किंवा केवळ चपळ असणे पुरेसे नव्हते. जागतिक मान्यता मिळण्यापूर्वी अल्पाइन शर्यतपटूंमध्ये या विजेतेपदाला मोठी प्रतिष्ठा होती.

आंतरराष्ट्रीय मान्यता

आंतरराष्ट्रीय स्की महासंघात नॉर्डिक देशांचे वर्चस्व असल्याने मान्यतेसाठी लन यांना अनेक वर्षे झगडावे लागले. अखेर १९३० च्या ऑस्लो अधिवेशनात उतारशर्यत व स्लालम यांचे नियम स्वीकारले गेले. फेब्रुवारी १९३१ मध्ये म्यूरेन येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुरुषांमध्ये उतारशर्यत वॉल्टर प्रागर यांनी आणि स्लालम डेव्हिड झॉग यांनी जिंकली, दोघेही स्विस. महिलांच्या दोन्ही शर्यती ब्रिटनच्या एस्मे मॅकिनन यांनी जिंकल्या. स्त्रियांच्या शर्यती आरंभापासून पुरुषांच्या बरोबरीने ठेवल्या गेल्या, ही त्या काळी विशेष बाब होती.

१९३६ मध्ये जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये अल्पाइन स्कीइंगचा प्रथमच समावेश झाला. मात्र दोन शर्यतींना मिळून एकच पदक होते. नॉर्वेचे बिर्गर रूड हे वास्तविक उडीचे खेळाडू. त्यांनी उतारशर्यत सर्वांत कमी वेळात पूर्ण केली, परंतु स्लालममध्ये निशाणांची एक जोडी चुकल्याने दंड झाला आणि एकत्रित क्रमवारीत ते चौथ्या स्थानावर गेले. उतारशर्यतीत दुसरे आलेले जर्मनीचे फ्रान्झ फ्न्यूर स्लालम जिंकून सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. शिक्षक म्हणून मानधन घेणाऱ्यांना व्यावसायिक ठरवल्याने ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडचे उत्तम शर्यतपटू या स्पर्धेत नव्हते. ब्रिटिश संघाचे कर्णधार लन यांचे पुत्र पीटर होते. नाझी राजवटीचा निषेध म्हणून त्यांनी उद्घाटनाच्या संचलनात भाग घेतला नाही.

दोन वर्षांनी हा प्रश्न लन यांच्या दारात आला. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि नाझीविरोधी असलेल्या श्नायडर यांना अटक झाली. आर्लबर्ग-कंदाहारची शर्यत तोंडावर आली होती. ज्याच्यासह ही शर्यत उभारली तो तुरुंगात असताना ती सांक्ट आन्टोनमध्ये होणार नाही, असे ठरवून लन यांनी ती रद्द केली. श्नायडर पुढे सुटून अमेरिकेला गेले. युद्धोत्तर काळात ही शर्यत पाच गावांत आळीपाळीने होऊ लागली.

लेखन व विचार

लन यांनी पन्नासहून अधिक पुस्तके लिहिली. हॅरोमधील शालेय जीवनावरील त्यांची कादंबरी १९१३ मध्ये गाजली. ब्रिटिश स्की वार्षिकाचे संपादन त्यांनी सुमारे पाच दशके केले. धर्माच्या बाबतीत त्यांचा प्रवास वळणाचा आहे. प्रथम त्यांनी रोमन कॅथलिक पंथावर कठोर टीका केली. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूंशी त्यांचा पत्ररूप वाद ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि १९३३ मध्ये त्याच नॉक्स यांच्या हस्ते त्यांनी तो पंथ स्वीकारला. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांच्याशीही त्यांचा असाच ग्रंथरूप वाद झाला. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी फ्रँकोच्या बाजूने लेखन केले. नाझींविषयी स्पष्ट भूमिका घेणाऱ्या लन यांच्या चरित्रातील ही विसंगती दृष्टीआड करता येत नाही.

विश्वचषक आणि उत्तरायुष्य

१९५२ मध्ये ब्रिटिश स्कीइंग आणि ब्रिटन-स्वित्झर्लंड मैत्रीसाठी केलेल्या कार्याबद्दल लन यांना सर ही पदवी मिळाली.

अजिंक्यपद वा ऑलिंपिक एका दिवसाच्या कामगिरीवर ठरते. संपूर्ण हंगामातील सातत्य मोजणारी व्यवस्था १९६६ पर्यंत नव्हती. त्या वर्षी फ्रेंच पत्रकार सेर्झ लांग आणि फ्रान्स व अमेरिकेच्या संघांचे प्रशिक्षक यांनी विश्वचषकाची योजना मांडली. जानेवारी १९६७ मध्ये त्याच्या शर्यती सुरू झाल्या. पहिल्या दहा स्पर्धकांना अनुक्रमे २५, २०, १५, ११, ८, ६, ४, ३, २ आणि १ असे गुण मिळत. उतारशर्यत, स्लालम व जायंट स्लालम या प्रत्येक प्रकारातील सर्वोत्तम तीन निकालच धरले जात. म्हणजे कमाल गुण २२५ होत होते. फ्रान्सचे ज्याँ-क्लोद किली यांनी पहिल्याच हंगामात ते सर्वच्या सर्व मिळवले. लन तेव्हा ७८ वर्षांचे होते. आर्लबर्ग-कंदाहारच्या शर्यतीही विश्वचषकाच्या वेळापत्रकात समाविष्ट झाल्या. १९९१-९२ पासून विजेत्यास १०० गुण आणि पहिल्या तीस स्पर्धकांना गुण अशी पद्धत रूढ झाली.

गुणांच्या या शर्यतीकडे लन स्वतः संमिश्र भावनेने पाहत. राष्ट्राभिमान आणि व्यापार यांच्या दडपणाखाली खेळातील आनंद हरवत आहे, असे ते अखेरच्या काळात लिहीत असत. दाबून गुळगुळीत केलेल्या मार्गांपेक्षा पर्वतावरचा अस्पर्श बर्फ त्यांना अधिक प्रिय होता.

त्यांच्या पहिल्या पत्नी मेबल यांचे १९५९ मध्ये निधन झाले. १९६१ मध्ये त्यांनी फिलिस होल्ट-नीडम यांच्याशी विवाह केला. म्यूरेन येथे लन यांचे स्मारक आहे. त्यांच्या कंदाहार क्लबने १९२८ मध्ये शिल्टहॉर्न शिखरावरून सुरू केलेली इन्फेर्नो शर्यत अजूनही दर जानेवारीत होते. पहिल्या वर्षी तीत १७ स्पर्धक होते. आता शेकडो हौशी स्पर्धक भाग घेतात.