टी-शर्टवरची मगर आली कुठून? टेनिसपटू रेने लाकोस्त यांची गोष्ट

छातीवर छोटी हिरवी मगर असलेला टी-शर्ट अनेकांनी पाहिलेला असतो. ती मगर मुळात एका टेनिसपटूचं टोपणनाव आहे.

रेने लाकोस्त यांचा जन्म १९०४ साली पॅरिसमध्ये झाला. प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाच्या नोंदी वहीत करून ते अभ्यास करत. १९२५ ते १९२९ दरम्यान त्यांनी एकेरीची सात ग्रँड स्लॅम विजेतेपदं जिंकली : फ्रेंच तीन, विम्बल्डन दोन आणि अमेरिकन दोन. १९२७ साली बिल टिल्डन यांना हरवून त्यांनी फ्रान्सला पहिला डेव्हिस कप मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला.

एका सामन्यावर मगरीच्या कातडीच्या बॅगेची पैज लागली होती. लाकोस्त सामना हरले, बॅग गेली, पण ‘मगर’ हे नाव चिकटलं. मित्र रोबेर जॉर्ज यांनी मगरीचं चित्र काढून दिलं आणि ती लाकोस्त यांच्या ब्लेझरवर आली.

तेव्हा खेळाडू लांब बाह्यांचे कडक शर्ट घालत. लाकोस्त यांनी स्वतःसाठी आखूड बाह्यांचा, घाम शोषणारा, विणलेल्या सुती कापडाचा शर्ट बनवून घेतला.

ऐन भरात असताना तब्येतीने दगा दिला आणि पंचविशीतच त्यांची कारकीर्द थांबली. मग तोच शर्ट कामी आला. १९३३ साली कापड उद्योजक आंद्रे जिलिए यांच्यासोबत त्यांनी कंपनी काढली. पुढे त्यांनी स्टीलची रॅकेटही तयार केली. जिमी कॉनर्स त्याच बनावटीच्या रॅकेटने खेळले.

१९९६ साली, ९२व्या वर्षी लाकोस्त गेले. कोर्टवर त्यांना जेमतेम काही वर्षं मिळाली, पण त्यांची मगर आजही जगभर दिसते.