दान्ते जाकोसा

दान्ते जाकोसा (३ जानेवारी, १९०५:रोम, इटली - ३१ मार्च, १९९६:तोरिनो, इटली) हे इटालियन मोटार-अभियंते होते. फियाट कंपनीत सुमारे चार दशके त्यांनी मोटारींचे आरेखन केले. फियाट ५०० टोपोलिनो, फियाट ११००, फियाट ६००, नुओव्हा ५००, ऑटोबियांकी प्रिमुला आणि फियाट १२८ या त्यांच्या प्रमुख मोटारी होत. मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही त्यांच्याच फियाट ११०० या मालिकेतील मोटार होती. मोटारीच्या पुढच्या भागात आडवे इंजिन, त्याच्याच रेषेत शेजारी गिअरबॉक्स आणि पुढच्या चाकांना ताकद ही आज लहान मोटारींत सर्वत्र दिसणारी रचना रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

सुरुवातीचे जीवन

जाकोसा यांचे घराणे मूळचे इटलीच्या पिएमोंते प्रदेशातील होते. त्यांनी तोरिनोच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातून १९२७मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९२८मध्ये ते फियाटच्या मालकीच्या एसपीए या वाहन कंपनीत रुजू झाले व तेथून फियाटमध्ये आले. विमानांच्या इंजिनांच्या विभागात काम करीत असताना अंतोनियो फेस्सिया यांच्या हाताखाली त्यांच्याकडे एका अत्यंत लहान मोटारीचे काम सोपवण्यात आले. त्यातून १९३६मध्ये ५६९ घन सेंटिमीटर क्षमतेचे इंजिन असलेली फियाट ५०० बाजारात आली. लोकांनी तिला टोपोलिनो (उंदीरमामा) हे लाडके नाव दिले. जागा वाचवण्यासाठी जाकोसा यांनी तिचे इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे आणि रेडिएटर इंजिनाच्या मागे बसवला होता. ताकद मात्र मागच्या चाकांना होती. १९३७मध्ये त्यांच्याच आरेखनाची, १,०८९ घन सेंटिमीटर इंजिनाची फियाट ११०० आली.

पुढच्या चाकांच्या मोटारीवरील बंदी

टोपोलिनोच्या आधी, १९३१च्या सुमारास, ओरेस्ते लार्दोने या अभियंत्याने फियाटसाठी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान मोटारीचा नमुना बनवला होता. कंपनीचे संस्थापक जोव्हान्नी आन्येल्ली हे स्वतः त्या नमुन्यात बसून चाचणीला गेले. तोरिनोजवळच्या टेकडीच्या चढावर इंजिनाने पेट घेतला आणि आन्येल्लींना मोटारीतून उडी टाकावी लागली, अशी हकीकत फियाटच्या इतिहासात सांगितली जाते. आगीचे कारण इंधनाची गळती हे होते. चाके पुढची चालत होती की मागची, याच्याशी तिचा संबंध नव्हता. तरीही लार्दोने यांची नोकरी गेली आणि पुढच्या चाकांना ताकद देणारी मोटार फियाटमध्ये निषिद्ध ठरली.

जर्मनीत डीकेडब्ल्यू कंपनीने १९३१मध्ये आणि फ्रान्समध्ये सित्रोएनने १९३४मध्ये अशा मोटारी विक्रीस आणल्या. फियाटच्या नावाने अशी मोटार यायला मात्र १९६९ साल उजाडले. जाकोसा यांनी मधल्या काळात ही कल्पना अनेकदा कागदावर मांडली. आन्येल्ली १९४५मध्ये वारले, तरी कंपनीचे धोरण लगेच बदलले नाही. आक्षेप केवळ भावनिक नव्हते. वळणारी चाकेच फिरवायची, तर त्यासाठी लागणारे सांधे महाग होते व टिकाऊ नव्हते. जागेवरून निघताना आणि चढावर पुढच्या चाकांची पकड सुटेल, ही भीतीही होती.

मागे इंजिन असलेल्या मोटारी

दुसऱ्या महायुद्धानंतर जाकोसा फियाटच्या मोटार-आरेखन विभागाचे प्रमुख झाले. १९४६मध्ये त्यांनी चिसितालिया या कंपनीसाठी डी४६ ही एकआसनी शर्यतीची मोटार आरेखित केली. १९५३मध्ये नव्या बांध्याची फियाट ११००/१०३ आली. १९५५मध्ये फियाट ६०० आणि १९५७मध्ये नुओव्हा ५०० या मोटारी आल्या. या दोन्हींत इंजिन मागे होते आणि ताकदही मागच्या चाकांनाच होती. नुओव्हा ५००साठी त्यांना १९५९मध्ये कोंपासो द’ओरो हा इटलीतील प्रतिष्ठेचा आरेखन पुरस्कार मिळाला.

मागच्या इंजिनामुळे निघताना पकड उत्तम मिळे, कारण इंजिनाचे वजन चालत्या चाकांवरच असे. परंतु सामानाची जागा कमी पडे आणि वेगात वळताना मोटारीचा मागचा भाग बाहेर फेकला जाण्याची शक्यता राही. मोठ्या मोटारींसाठी ही रचना सोयीची नव्हती.

प्रिमुला

१९५९मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांची मिनी आली. तिच्यात इंजिन आडवे होते आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, त्याच तेलात बुडालेला होता. त्यामुळे यंत्राची उंची वाढे आणि एकच तेल दोन्ही कामांना वापरावे लागे. जाकोसा यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला, त्याच रेषेत जोडला. त्यामुळे डिफरन्शियल मोटारीच्या मध्यावर न येता एका बाजूला सरकले, आणि दोन्ही चाकांकडे जाणारे दांडे असमान लांबीचे झाले. पण तेल वेगळे राहिले, यंत्र बुटके झाले आणि दुरुस्ती सोपी झाली.

ही रचना फसली तर फियाटच्या नावाला धक्का लागू नये, म्हणून ती प्रथम ऑटोबियांकी या संलग्न कंपनीच्या नावाने विकण्यात आली. १९६४च्या तोरिनो मोटार प्रदर्शनात ऑटोबियांकी प्रिमुला सादर झाली. १९६५च्या युरोपियन कार ऑफ द इयर स्पर्धेत तिला दुसरा क्रमांक मिळाला. १९७०पर्यंत तिचे उत्पादन चालू होते.

फियाट १२८

प्रिमुलाच्या अनुभवावर १९६९मध्ये फियाट १२८ तयार झाली. तिचे १,११६ घन सेंटिमीटरचे इंजिन ऑरेलियो लांप्रेदी यांनी आरेखित केले होते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे आडव्या पाट्यांची स्प्रिंग असलेले स्वतंत्र सस्पेन्शन होते. स्ट्रटमध्ये स्प्रिंग व शॉकअ‍ॅब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात बसतात. त्यामुळे वरच्या बाजूचे आडवे हात लागत नाहीत, आणि आडव्या इंजिनाला व चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांना जागा मिळते. १९७०चा युरोपियन कार ऑफ द इयर हा पुरस्कार १२८ला मिळाला. युगोस्लाव्हियात झास्ताव्हा कंपनीने तिच्यावर आधारित मोटारी २००८पर्यंत बनवल्या. १९७४ची फोक्सवॅगन गोल्फ याच मांडणीची होती.

निघतानाची पकड आणि सस्पेन्शन

जाकोसा यांनी मोटारीच्या तिन्ही प्रमुख रचना हाताळल्या: पुढे इंजिन व मागची चाके चालती, मागे इंजिन व मागची चाके चालती, आणि पुढे इंजिन व पुढची चाके चालती. या तिन्हींतील फरक मोटार जागेवरून सुटताना सर्वांत स्पष्ट दिसतो.

मोटार वेग घेते तेव्हा पुढच्या चाकांवरील काही भार मागच्या चाकांवर सरकतो. सरकणारा भार चार गोष्टींवर ठरतो: मोटारीचे वस्तुमान, त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि पुढच्या-मागच्या आसांतील अंतर. उदाहरणार्थ, ९०० किलोग्रॅमची मोटार, गुरुत्वमध्य ०.५ मीटर उंचीवर, आसांतील अंतर २.४ मीटर आणि त्वरण ३ मीटर प्रति सेकंद वर्ग घेतल्यास सुमारे ५७ किलो इतका भार मागे सरकतो. पुढे इंजिन व पुढची चाके चालती असलेल्या मोटारीत उभे असताना पुढे ६२ टक्के म्हणजे ५५८ किलो भार असेल, तर निघताना तो सुमारे ५०० किलो उरतो. दोन्ही आसांवर समान भार असलेल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत चालत्या चाकांवरचा भार ४५० वरून सुमारे ५०७ किलो होतो. म्हणजेच इंजिन व गिअरबॉक्सचे सारे वजन पुढच्या चाकांवर आणल्यास साधारण त्वरणाला दोन्ही रचना जवळजवळ बरोबरीत येतात. जाकोसा यांच्या मांडणीचे बळ येथे आहे. त्वरण वाढवले, किंवा चढ लागला, की पुढच्या चाकांची मोटार मागे पडू लागते. मुंबईच्या उपनगरांत पावसाळ्यात उड्डाणपुलाच्या चढावर थांबून पुन्हा निघताना पुढचे चाक जागीच गरगरते, ते याचमुळे.

स्प्रिंग कडक किंवा मऊ केल्याने सरकणाऱ्या एकूण भारात फरक पडत नाही. गुरुत्वमध्य खाली आणल्यास मात्र तो कमी होतो. सस्पेन्शनच्या जुळवणीने उरलेल्या भाराचा उपयोग चांगला करून घेता येतो. त्याचे मुख्य उपाय पुढीलप्रमाणे आहेत.

मागच्या स्प्रिंग व शॉकअ‍ॅब्सॉर्बर कडक केल्यास मोटार मागे कमी बसते आणि नाक कमी वर येते. त्यामुळे पुढच्या चाकांचे कोन बिघडत नाहीत व टायरचा पूर्ण पट्टा रस्त्यावर टेकून राहतो.

चाक पकडते, घसरते आणि पुन्हा पकडते, या क्रमाने ते थडथडू लागते. पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा उलट्या दिशेचा दाब आणि इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार योग्य असल्यास ही थडथड आटोक्यात राहते.

वळत निघताना मोटार कलते आणि आतल्या बाजूचे पुढचे चाक हलके होते. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, म्हणून हलके चाक घसरले की दुसऱ्याचीही ताकद वाया जाते. पुढचा अँटी-रोल बार मऊ आणि मागचा कडक ठेवल्यास आतल्या पुढच्या चाकावर अधिक भार टिकतो.

ताकद लागली की पुढची चाके पुढे ओढली जातात आणि सस्पेन्शनच्या रबरी बुशांमुळे किंचित आत वळतात. म्हणून अशा अनेक मोटारींत ती उभ्या स्थितीत किंचित बाहेर वळलेली ठेवतात.

असमान लांबीच्या दांड्यांमुळे जोरात निघताना स्टिअरिंग एका बाजूला ओढले जाऊ शकते. लांब दांडा जाड किंवा पोकळ नळीचा करून दोन्हींचा पीळ सारखा ठेवणे हा त्यावरील एक उपाय आहे.

या उपायांना मर्यादा आहेत. मागचे सस्पेन्शन फार कडक केल्यास ओल्या रस्त्यावर वळताना मागची चाके सुटू शकतात, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर मागे बसणाऱ्यांना त्रास होतो. रोजच्या वापराच्या मोटारीत म्हणून मध्यम जुळवणी ठेवली जाते.

मुंबईशी संबंध

वालचंद उद्योगसमूहाने १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. घाटकोपरच्या लगत कुर्ला येथे तिचा कारखाना होता. १९५०च्या दशकात तेथे फियाटच्या मोटारी तयार होऊ लागल्या. त्या दशकातील गोलसर फियाट ११०० महाराष्ट्रात डुक्कर फियाट या नावाने ओळखली जाते. पुढे ११०० डिलाइट आली आणि १९७०च्या दशकात हीच मोटार प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे पाटे ही तिची रचना अखेरपर्यंत कायम राहिली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती मुंबईची ओळख बनली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३मध्ये नोंदवली गेली होती. टॅक्सीसाठीची २० वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतून बाद झाली.

तिची जागा सँट्रो आणि वॅगनआर यांसारख्या मोटारींनी घेतली होती. त्या जाकोसा यांनी आरेखित केलेल्या नाहीत, पण त्यांतील आडवे इंजिन, टोकाला जोडलेला गिअरबॉक्स, असमान दांडे आणि पुढचे स्ट्रट ही मांडणी प्रिमुला व १२८ यांच्या वळणाची आहे. १९८३मध्ये आलेल्या मारुती ८०० या मोटारीतही हीच मांडणी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात १९९०च्या दशकात फियाट उनो आणि नंतर फियाट पालिओ तयार झाल्या. जेथे जाकोसा यांची मागच्या चाकांची मोटार अनेक दशके बनली, तेथेच अशा रीतीने त्यांच्या मांडणीच्या पुढच्या चाकांच्या मोटारीही बनल्या.

निवृत्ती आणि मृत्यू

१९७०मध्ये जाकोसा फियाटमधून निवृत्त झाले. फियाटमधील चाळीस वर्षांच्या आरेखनकार्यावर त्यांनी आत्मचरित्रपर पुस्तक लिहिले. ते १९७९मध्ये प्रकाशित झाले व त्याचा इंग्लिश अनुवादही उपलब्ध आहे. ३१ मार्च, १९९६ रोजी तोरिनो येथे वयाच्या ९१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.