डोकी मोजायला पैसे कोण देणार?

१८८३ मध्ये पंचविशीतल्या फ्रान्झ बोआस यांना आर्क्टिकमधील बॅफिन बेटावर जायचे होते. जर्मनीतील मिंडेन येथे एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या तरुणाने समुद्राच्या पाण्याच्या रंगावर संशोधन करून कील विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली होती. मोहिमेच्या खर्चासाठी त्यांनी ‘बर्लिनर टागेब्लाट’ या दैनिकाला गाठले. तिकडून लेख पाठवायचे, त्याचे पैसे आधी घ्यायचे, असे ठरले. वर्षभर इन्युइट लोकांत राहून परतलेल्या बोआस यांना पुढची साठ वर्षे मानववंशशास्त्राने सोडले नाही आणि निधीच्या चिंतेनेही.

अमेरिकेत आल्यावर त्यांना क्लार्क विद्यापीठात नोकरी मिळाली. पण देणगीदाराने हात आखडता घेतला, विद्यापीठाच्या अध्यक्षांशीही खटके उडू लागले आणि १८९२ मध्ये अनेक प्राध्यापकांबरोबर बोआसही बाहेर पडले. शिकागोच्या संग्रहालयातील हवी ती जागा दुसऱ्याला गेली. १८९६ मध्ये न्यूयॉर्कचे नैसर्गिक इतिहास संग्रहालय आणि कोलंबिया विद्यापीठ येथे त्यांची सोय लागली, पण पगाराला पैसे कमी पडत होते. बोआस यांच्या मावशीचे यजमान अब्राहम जेकोबी यांनी ती तूट गुपचूप भरून काढली. अमेरिकेत बालरोगशास्त्राचा पाया घालणारे डॉक्टर ते हेच.

संग्रहालयाचे अध्यक्ष, धनाढ्य बँकर मॉरिस जेसप यांच्या पैशावर १८९७ मध्ये उत्तर पॅसिफिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर मोठी मोहीम निघाली. अमेरिकेचे मूळ रहिवासी आशियातून आले का, याचे उत्तर त्यांना हवे होते. बोआस मात्र भाषा, कथा, शरीराची मापे यांची माहिती जमवत राहिले आणि घाईने निष्कर्ष काढायला तयार होईनात. वस्तूंची मांडणी कशी असावी यावरूनही मतभेद वाढले. १९०५ मध्ये त्यांनी संग्रहालय सोडले. कोलंबियात १८९९ पासून ते प्राध्यापक होतेच, आता तो विभाग उभारणे हेच मुख्य काम झाले.

१९०६ मध्ये त्यांनी उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांना पत्र लिहिले. आफ्रिकी संस्कृतींचे संग्रहालय आणि कृष्णवर्णीयांच्या शरीररचनेचा शास्त्रशुद्ध अभ्यास, अशी ती योजना होती. पैसे मिळाले नाहीत.

दोनच वर्षांनी वेगळीच संधी आली. युरोपातून येणाऱ्या लोंढ्यांमुळे अस्वस्थ झालेल्या अमेरिकी संसदेने स्थलांतर आयोग नेमला होता. सिनेटर विल्यम डिलिंगहॅम त्याचे अध्यक्ष होते. बोआस यांनी आयोगापुढे प्रस्ताव ठेवला : स्थलांतरितांची आणि अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्या मुलांची शरीरे मोजून पाहू. आधी न्यूयॉर्कमधील शाळकरी मुलांवर छोटी चाचणी झाली. तिच्यात फरक दिसल्यावर मोठ्या अभ्यासाला निधी मिळाला आणि सुमारे १८ हजार जणांची मापे घेतली गेली.

सगळा भर ‘शीर्षांका’वर होता. डोक्याची रुंदी लांबीच्या किती टक्के आहे, हे सांगणारा हा आकडा. तो पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही, म्हणून वंश ओळखण्याची ती पक्की खूण, असे तेव्हाचे शास्त्र मानत होते. बोआस यांना उलट आढळले. पूर्व युरोपातील ज्यूंची डोकी गोलसर, पण त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची काहीशी लांबट होती. सिसिलीच्या लोकांची डोकी लांबट, तर मुलांची काहीशी गोलसर. आई अमेरिकेत आल्यानंतर जितक्या उशिरा मूल जन्मले, तितका फरक अधिक. बदल मोठा नव्हता, पण डोक्याच्या आकारावरही परिस्थितीचा परिणाम होतो, एवढे त्यातून दिसत होते.

आयोगाने हा अहवाल छापला. शिफारस मात्र स्थलांतरावर निर्बंध घालण्याचीच केली. १९२४ च्या कायद्याने दक्षिण व पूर्व युरोपातील लोकांची वाट जवळजवळ बंद केली.

पहिल्या महायुद्धानंतर बोआस यांची कोंडी वाढली. संशोधनाच्या नावाखाली हेरगिरी करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञांवर त्यांनी १९१९ मध्ये जाहीर टीका केली, तेव्हा अमेरिकी मानववंशशास्त्र संघटनेने निषेध केला तो त्यांचाच. कोलंबियात विभागाच्या वाट्याला पैसे आणि शिक्षक कमीच येत होते. श्रीमंत घराण्यातील संशोधिका एल्सी क्ल्यूज पार्सन्स यांनी क्षेत्रकार्याचा, अगदी चिटणिसाच्या पगाराचाही भार उचलला. याच काळात रूथ बेनेडिक्ट यांनी तेथे डॉक्टरेट मिळवली आणि १९२५ मध्ये मार्गारेट मीड शिष्यवृत्तीवर सामोआला गेल्या. त्याआधी घडलेले आल्फ्रेड क्रोबर बर्कलेतील विभाग सांभाळत होते.

१९२८ मध्ये बोआस यांनी त्या जुन्या अभ्यासातील प्रत्यक्ष मापांचे तक्ते प्रसिद्ध केले. १९३३ मध्ये कीलमध्ये नाझींनी त्यांची पुस्तके जाळली. २१ डिसेंबर १९४२ रोजी कोलंबियातच, सहकाऱ्यांसोबत भोजन करताना, ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

२००२ आणि २००३ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी ती मापे संगणकावर पुन्हा तपासली. एका गटाला परिस्थितीचा परिणाम नगण्य वाटला, तर दुसऱ्याने बोआस यांचा निष्कर्ष बहुतांशी बरोबर ठरवला. शंभर वर्षांनी हा वाद आकड्यांवर होऊ शकला, कारण ज्या मापांवरून निष्कर्ष काढला, ती त्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली होती.