बालोद्यानाचा पहिला माळी

बालवाडीच्या फरशीवर खडूने पांढरे पट्टे आखलेले असतात. डोक्यावर टोपी चढवलेला आणि तोंडात शिट्टी धरलेला एक चिमुरडा हवालदार झालेला असतो. दुसऱ्याच्या हातात पुठ्ठ्याचे चाक असते आणि तो तोंडाने आवाज काढत रिक्षा चालवत असतो. हवालदाराने हात वर केला की रिक्षा थांबते आणि एकमेकांचे हात धरलेली मुले उजवीकडे-डावीकडे पाहत पट्ट्यांवरून पलीकडे जातात. चार वर्षांच्या मुलाला वाहतुकीचे नियम सांगून कळत नाहीत. पण हवालदाराच्या भूमिकेत शिरून त्याने एकदा रिक्षा थांबवली की नियमामागचा माणूस त्याला कळतो. आज साध्या वाटणाऱ्या या खेळाची मुळे जर्मनीतील थुरिंगियाच्या डोंगराळ मुलखात आणि एका एकाकी मुलाच्या आयुष्यात सापडतात. या मुलाचे नाव फ्रेडरिक फ्रोबेल. साऱ्या जगाला किंडरगार्टन हा शब्द देणारे शिक्षणतज्ज्ञ ते हेच.

ओबरवाइसबाख या खेड्यात २१ एप्रिल १७८२ रोजी फ्रेडरिकचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक होते. शिस्तीचे कडक आणि चर्चच्या कामात सदैव बुडालेले. फ्रेडरिक जेमतेम नऊ महिन्यांचा असताना आई वारली. पुढे सावत्र आई आली. तिने आरंभी माया लावली, पण स्वतःचा मुलगा झाल्यावर तिचे लक्ष उडाले. उंच भिंतींनी वेढलेल्या त्या घरात हा मुलगा स्वतःशीच खेळत वाढला. घराजवळच्या चर्चचे बांधकाम करणारे कामगार तो तासन् तास न्याहाळत असे. त्यांच्यासारखे आपणही काही रचावे, असे त्याला वाटे. हाताला लागेल ते गोळा करून त्याने तसा प्रयत्नही केला, पण ते काही जमले नाही. मोठ्यांच्या कामात शिरण्याची ओढ मुलाला असते, परंतु त्याच्या हाताला झेपेल असे साहित्य त्याच्याजवळ नसते. लहानपणीची ही खंत त्यांच्या मनात कायमची राहिली आणि पुढील सारे कार्य जणू त्या खंतीचे उत्तर ठरले.

वडिलांच्या लेखी हा मुलगा मंद होता. त्यांनी त्याला गावातील मुलींच्या शाळेत बसवले. दहाव्या वर्षी मामाने त्याला आपल्या घरी, श्टाटइल्म येथे नेले. तेथे त्याला प्रथमच मोकळेपणा आणि सोबती लाभले. पंधराव्या वर्षी त्याला एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. दोन वर्षे जंगलात काढताना झाडे आणि वनस्पती हेच त्याचे शिक्षक झाले. त्यानंतर येना विद्यापीठात प्रवेश मिळाला खरा, पण भावाला उसने दिलेले पैसे परत न आल्याने कर्ज झाले आणि नऊ आठवडे विद्यापीठाच्या कोठडीत काढावे लागले. पुढील काही वर्षे लहानमोठ्या नोकऱ्यांत गेली.

१८०५ मध्ये वास्तुशास्त्र शिकण्यासाठी फ्रोबेल फ्रँकफुर्टला आले. तेथील आदर्श शाळेच्या प्रमुखांनी या तरुणातील शिक्षक ओळखला आणि त्यांना वर्गावर उभे केले. आपले काम हेच, ही जाणीव त्यांना तेथे झाली. त्याच वर्षी त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये इव्हर्दों येथे पेस्टालोझी यांची शाळा पाहिली. १८०८ ते १८१० या काळात तीन विद्यार्थ्यांसह ते तेथे पुन्हा राहिले. वस्तू हाताळून, पाहून शिकावे हा पेस्टालोझींचा आग्रह त्यांना पटला. मात्र मुलाने स्वतः काही घडवण्याला तेथे पुरेसे स्थान नाही, असे त्यांना वाटले. पुढे बर्लिनमध्ये त्यांनी स्फटिकशास्त्राचा अभ्यास केला. दगडाच्या पोटातील स्फटिक ठरावीक नियमाने आकार घेतो, तसाच माणूसही आतून उमलतो, हा विचार त्यांच्या मनात तेथे दृढ झाला. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात १८१३ मध्ये ते स्वयंसेवक म्हणून सैन्यात गेले. मिडेनडॉर्फ आणि लांगेथाल हे आयुष्यभराचे दोन सहकारी त्यांना तेथेच भेटले.

भावाच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा फ्रोबेल यांनी वस्तुसंग्रहालयातील नोकरी सोडली आणि १८१६ मध्ये पाच पुतण्यांना घेऊन शाळा काढली. पुढच्याच वर्षी ती काइलहाऊ या खेड्यात गेली. तेथे त्यांनी दहा-बारा वर्षे जिवापाड श्रम केले. मनुष्याच्या शिक्षणावरील त्यांचा ग्रंथ १८२६ मध्ये येथूनच प्रकाशित झाला. पण ही शाळा क्रांतिकारकांचा अड्डा असल्याची शंका राज्यकर्त्यांना आली. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने अनुकूल अहवाल दिला, तरी पालकांनी मुले काढून घेतली. फ्रोबेल यांच्या स्वभावाचाही यात वाटा होता. ते हट्टी होते, हिशेबात कच्चे होते आणि त्यांची लेखनशैली इतकी दुर्बोध होती की चाहत्यांनाही ती पेलत नसे.

१८३१ मध्ये ते स्वित्झर्लंडला गेले. तेथे बुर्गडॉर्फच्या अनाथालयाचा कारभार पाहताना त्यांना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. शाळेत येईपर्यंत मुलाची पहिली पाच-सहा वर्षे वाया गेलेली असतात आणि जे पेरायचे ते त्याच वर्षांत पेरावे लागते. पंचावन्नाव्या वर्षी, म्हणजे एरवी माणूस निवृत्तीचा विचार करतो त्या वयात, फ्रोबेल यांनी खऱ्या अर्थाने आपले कार्य आरंभले. १८३७ मध्ये थुरिंगियातील ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी अगदी लहान मुलांसाठी संस्था काढली. तिला नाव मात्र मिळत नव्हते. शाळा म्हणावे तर तेथे पाठ नव्हते. पाळणाघर म्हणावे तर केवळ सांभाळ हा हेतू नव्हता. १८४० मध्ये मित्रांसमवेत डोंगरवाट चालत असताना त्यांना ते नाव सुचले, ते म्हणजे किंडरगार्टन, मुलांची बाग. मूल हे रोप आणि शिक्षक हा माळी. माळी रोपाला ओढून वाढवत नाही. तो माती, पाणी आणि ऊन यांची काळजी घेतो. त्याच वर्षी २८ जून रोजी या संस्थेची रीतसर स्थापना झाली.

बाग हा शब्द केवळ अलंकारिक नव्हता. प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा असे आणि सर्वांचे मिळून सामायिक वाफेही असत. घरात खेळण्यासाठी फ्रोबेल यांनी क्रमाने वाढत जाणारे साहित्य तयार केले आणि त्याला भेटी असे नाव दिले. पहिली भेट लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती यांची. तिसऱ्या भेटीत एक मोठा घन आठ छोट्या घनांत विभागलेला असे. त्यांतून मूल खुर्ची, बाक, दरवाजा, पूल असे रोजच्या जगण्यातील आकार रचू शके. बालपणी चर्चचे बांधकाम पाहून हिरमुसलेल्या मुलाच्या हातांना अखेर त्यांच्या मापाच्या विटा मिळाल्या होत्या.

१८४४ मध्ये त्यांनी आईने तान्ह्या व लहान मुलांशी खेळावयाच्या गाण्यांचे सचित्र पुस्तक काढले. ही गाणी बोटांच्या हालचालींसह म्हणावयाची होती. मराठी घरांत आई-आजी बाळाचे हात हाती घेऊन बडबडगीते म्हणतात, तसाच काहीसा हा प्रकार. मात्र त्यामागे पूर्ण विचार होता. त्यात पाववाला आहे, सुतार आहे, चाके घडवणारा कारागीर आहे, रानात कोळसा पाडणारा आहे, गवत कापणारा आहे. टाळ्या वाजवत पाव थापण्याचा खेळ खेळताना आईने मुलाला हळूहळू सांगावयाचे, की पावासाठी पीठ लागते, पिठासाठी गिरणीवाला, धान्यासाठी शेतकरी आणि शेतकऱ्याला ऊन-पाऊस. आपल्या ताटातील घासामागे किती हात आहेत, हे मुलाला उपदेशाने नव्हे तर स्वतःच्या तळहातांच्या हालचालीतून कळावे, ही त्यामागील दृष्टी होती. भातुकली जगात सर्वत्र होती. फ्रोबेल यांनी खेळ शोधला नाही. खेळ हेच बालवयातील सर्वांत गंभीर काम आहे, हे त्यांनी ओळखले.

बाहेरच्या जगाला ते पटावयास वेळ लागला. भागभांडवल उभे करून संस्था चालवण्याची त्यांची योजना फसली आणि ब्लांकेनबुर्गचे बालोद्यान पैशाअभावी बंद पडले. पत्नी हेन्रिएट १८३९ मध्येच निवर्तली होती. तरीही फ्रोबेल गावोगाव फिरत राहिले. १८४९ मध्ये लीबेनश्टाइन येथे खेड्यातील मुलांना गोळा करून हा वृद्ध गृहस्थ उड्या मारतो, गाणी म्हणतो, हे पाहून लोक त्याला वेडगळ समजत. तेथेच बेर्था फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो या सरदार घराण्यातील स्त्रीने ते खेळ पाहिले आणि तिला त्यांचे मोल कळले. तरुण स्त्रियांना या कामाचे शिक्षण देण्याचे केंद्र तेथे आकाराला आले. ज्या काळात स्त्रियांना शिक्षकी व्यवसायाची दारे फारशी उघडी नव्हती, त्या काळात लहान मुलांचे शिक्षण हे स्त्रीच्या व्यासंगाचे क्षेत्र आहे, हे फ्रोबेल यांनी प्रत्यक्षात आणले.

आणि तेव्हाच घाव बसला. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने बालोद्यानांवर बंदी घातली. नास्तिकता आणि समाजवाद यांचा प्रसार हा आरोप होता. पुतण्या कार्ल फ्रोबेल याच्या लेखनाचा ठपका काकांच्या माथी मारण्यात आला. आपण तो नव्हे, हे सांगूनही आदेश मागे घेतला गेला नाही. तरीही या बंदीमागे केवळ नामसाधर्म्य होते असे म्हणता येत नाही. १८४८ च्या उठावानंतर धास्तावलेल्या सत्तेला, मुलांनी स्वतः विचार करून खेळावे आणि मोकळेपणाने वाढावे, हीच कल्पना धोक्याची वाटली. पुढच्या वर्षी गोथा येथील शिक्षक संमेलनात फ्रोबेल आत येताच सारी सभा आदराने उभी राहिली. सरकारने नाकारलेल्या या माणसाला शिक्षकांनी दिलेली ती पावती होती. त्यानंतर काही दिवसांतच, २१ जून १८५२ रोजी, मारियनथाल येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा बंदी कायम होती.

ती १८६० मध्ये उठली. तोवर त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या आणि त्यांच्या विचाराने भारलेल्या स्त्रियांनी बालोद्यान देशाबाहेर नेले होते. बेर्था रोंगे यांनी लंडनमध्ये आणि मार्गारेट शुर्ट्झ यांनी १८५६ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ते रुजवले. मात्र पुढे अनेक ठिकाणी त्यांच्या भेटी ठरावीक क्रमाने, शिक्षिकेच्या हुकमावर मांडावयाच्या कवायती बनल्या. मुलाच्या मोकळेपणासाठी घडवलेले साहित्यच त्याला जखडू लागले. विसाव्या शतकात मारिया मॉन्टेसरी यांनी वेगळी वाट धरली. लुटुपुटूच्या खेळापेक्षा मुलाने केलेले खरे काम त्यांना महत्त्वाचे वाटे. भारतात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी मॉन्टेसरींपासून प्रेरणा घेऊन १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी कार्य आरंभले आणि महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे मुलांच्या हाती दिले. बागेऐवजी अंगण आले, पण मुलाला त्याच्या भोवतालातूनच शिकू द्यावे, हे सूत्र तेच राहिले.

फ्रोबेल यांच्या काळी थुरिंगियाच्या रस्त्यांवरून घोडागाड्या आणि बैलगाड्या जात. मोटारगाडी त्यांच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी आली. रस्ता ओलांडण्याचा पाठ त्यांनी कधी दिला नाही. पण खडूच्या पट्ट्यांवर हवालदार झालेले मूल, पाव थापणाऱ्या मुलाचाच वारसा चालवत असते. आपल्या सुरक्षिततेसाठी कोणीतरी उन्हात उभे असते, त्याचा हात वर गेला की थांबावयाचे असते आणि आपण थांबलो की दुसऱ्याला वाट मिळते, हे त्याला घोकून नव्हे तर खेळून कळते. श्वाइना येथील फ्रोबेल यांच्या समाधीवर घन, वृत्तचिती आणि गोल एकावर एक रचलेले आहेत. मुलांच्या हातातील खेळणे स्मारक म्हणून मिळावे, याहून योग्य असा सन्मान या माणसाला दुसरा कोणता असू शकला असता?