विल्यम सीली गॉसेट
विल्यम सीली गॉसेट (१३ जून, १८७६:कँटरबरी, इंग्लंड - १६ ऑक्टोबर, १९३७:बीकन्सफील्ड, इंग्लंड) हे इंग्लिश संख्याशास्त्रज्ञ होते. 'स्टुडंट' या टोपणनावाने त्यांनी लेखन केले. मानसशास्त्रीय संशोधनात दोन गटांच्या सरासरींतील फरक सार्थक आहे की केवळ योगायोगाने आला आहे, हे ठरवण्यासाठी वापरली जाणारी टी-चाचणी त्यांच्या कार्यावर आधारलेली आहे.

जीवन
गॉसेट यांचे शिक्षण विंचेस्टर कॉलेज आणि ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजमध्ये झाले. तेथे त्यांनी गणित व रसायनशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. १८९९ साली ते डब्लिन येथील गिनेस या बिअर उत्पादक कंपनीत रुजू झाले. १९०६-०७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत काम केले. १९३५ साली ते कंपनीच्या लंडनमधील नव्या कारखान्यात गेले. १९३७ साली त्यांचे हृदयविकाराने निधन झाले.

टी-चाचणी
बार्ली, हॉप्स आणि बिअर यांच्या चाचण्यांत गॉसेट यांना मोजकीच निरीक्षणे उपलब्ध असत. तत्कालीन पद्धती मोठ्या नमुन्यांसाठी होत्या. लहान नमुन्यावरून काढलेले प्रमाण विचलन स्वतःच अनिश्चित असते. ते अचूक मानल्यास निष्कर्षावर वाजवीपेक्षा अधिक विश्वास ठेवला जातो. ही अनिश्चितता हिशेबात घेणारे वितरण गॉसेट यांनी १९०८ साली बायोमेट्रिका या नियतकालिकात मांडले. पडताळणीसाठी त्यांनी ३,००० गुन्हेगारांच्या शारीरिक मापांतून प्रत्येकी चार व्यक्तींचे ७५० नमुने तयार केले. झोपेच्या औषधांमुळे १० रुग्णांच्या झोपेत पडलेल्या फरकाच्या नोंदींवरही त्यांनी ही रीत वापरून दाखवली. कंपनीच्या निर्बंधांमुळे हा निबंध टोपणनावाने प्रसिद्ध झाला.
रोनाल्ड फिशर यांनी १९१२ साली या वितरणाची गणिती सिद्धता गॉसेट यांना पत्राने कळवली. पुढे फिशर यांनी स्वातंत्र्यमात्रांच्या आधारे त्याला आजचे रूप दिले आणि १९२५ सालच्या आपल्या पुस्तकातून त्याचा प्रसार केला.

लॅनार्कशायर दूध प्रयोग
१९३० साली स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर येथे सुमारे २०,००० शाळकरी मुलांवर प्रयोग झाला. त्यांपैकी निम्म्या मुलांना चार महिने दूध देण्यात आले. गट प्रामुख्याने चिठ्ठ्या टाकून किंवा आद्याक्षरांनुसार पाडायचे होते; मात्र गट असमतोल वाटल्यास त्यांत अदलाबदल करण्याची मुभा शिक्षकांना होती. त्यामुळे दूध मिळालेली मुले प्रयोगाच्या आरंभीच दुसऱ्या गटातील मुलांपेक्षा उंचीने व वजनाने कमी भरली. गरीब मुलांविषयीच्या सहानुभूतीने असे घडले असावे, असे गॉसेट यांनी १९३१ साली दाखवून दिले. गट मुळातच सारखे नसतील, तर नमुना कितीही मोठा असला तरी निष्कर्ष विश्वासार्ह ठरत नाही. समरूप जुळ्यांच्या ५० जोड्यांवर हाच प्रयोग कमी खर्चात अधिक विश्वसनीय झाला असता, असे त्यांचे मत होते.

विचार आणि प्रभाव
गॉसेट यांच्या दृष्टीने सार्थकता हे अंतिम उद्दिष्ट नव्हते. आढळलेला फरक व्यवहारात किती मोलाचा आहे, हेही पाहणे त्यांना आवश्यक वाटे. १९२६ साली त्यांनी एगॉन पिअर्सन यांना लिहिलेल्या पत्रातील पर्यायी परिकल्पनेची कल्पना पुढे नेमन-पिअर्सन सिद्धांताला उपयुक्त ठरली. प्रयोगाची आखणी यादृच्छिक असावी की समतोल, यावर फिशर यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद झाले, तरी दोघांची मैत्री टिकून राहिली.