जॉन चार्नली

सर जॉन चार्नली (२९ ऑगस्ट १९११ – ५ ऑगस्ट १९८२) हे ब्रिटिश अस्थिशल्यविशारद होते. खुब्याचा झिजलेला सांधा काढून त्या जागी कृत्रिम सांधा बसवण्याची आधुनिक शस्त्रक्रिया त्यांनी विकसित केली. शरीरात बसवलेला धातू हाडात दीर्घकाळ घट्ट कसा राहील, हा त्यांच्या संशोधनातील एक मूलभूत प्रश्न होता. धातूच्या रोपणांवर पुढे वापरात आलेले जैवसक्रिय लेप हे त्याच प्रश्नाचे निराळे उत्तर होय.

प्रारंभिक जीवन

चार्नली यांचा जन्म इंग्लंडमधील लँकशायर परगण्यातील बरी या गावी झाला. त्यांचे वडील औषधविक्रेते, तर आई परिचारिका होती. १९३५ साली त्यांनी मँचेस्टर येथून वैद्यकीय पदवी संपादन केली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लष्करी वैद्यकीय दलात सेवा केली. इजिप्तमध्ये असताना त्यांनी लष्करी कार्यशाळेच्या साहाय्याने अस्थिभंगासाठी लागणारी उपकरणे तयार करून घेतली. युद्धानंतर हाडाचे कलम कसे रुजते हे अभ्यासण्यासाठी त्यांनी स्वतःच्या नडगीच्या हाडावर शस्त्रक्रिया करवून घेतली. त्या हाडात जंतुसंसर्ग झाल्याने त्यांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. १९४७ मध्ये मँचेस्टर रॉयल इन्फर्मरी येथे त्यांची नियुक्ती झाली.

कृत्रिम खुबा

त्या काळी खुब्यात ॲक्रिलिकचा गोळा बसवण्याची पद्धत होती. अशा एका रुग्णाचा सांधा हालचाल होताच करकरत असे. यावरून चार्नली यांनी असा निष्कर्ष काढला, की अति घर्षणामुळे प्रत्येक हालचालीचा ताण रोपणाच्या दांड्यावर येतो व तो हाडात सैल होतो. घर्षण कमी करण्यासाठी त्यांनी पोलादी गोळ्याचा व्यास अवघा २२ मिलिमीटरच्या आसपास ठेवला आणि तो प्लॅस्टिकच्या वाटीत फिरेल अशी रचना केली. दांडा मांडीच्या हाडात पक्का करण्यासाठी दंतवैद्यकातील ॲक्रिलिक सिमेंट वापरले. हे सिमेंट गोंदाप्रमाणे चिकटत नाही. दगडी भिंतीच्या दरजा चुन्याने भराव्यात, तसे ते धातू व हाड यांमधील पोकळी भरून भार सर्वत्र विभागते.

विगन शहराजवळील राइटिंग्टन रुग्णालय हे त्यांचे कार्यक्षेत्र बनले. तेथे वाटीसाठी प्रथम टेफ्लॉन वापरण्यात आले. आरंभीचे परिणाम उत्तम होते. परंतु काही वर्षांतच वाट्या झिजल्या, त्यांच्या कणांमुळे दाह निर्माण झाला आणि लगतचे हाड नष्ट होऊ लागले. सुमारे ३०० रुग्णांवर टेफ्लॉनचा वापर झाला होता. त्यांपैकी अनेकांवर चार्नली यांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. यानंतर पर्यायी पदार्थाची शरीरावर होणारी प्रतिक्रिया त्यांनी प्रथम स्वतःच्या मांडीत टोचून तपासली. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी उच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची वाटी वापरली व ती टिकाऊ ठरली. टेफ्लॉनचा अनुभव लक्षात घेऊन, नवे सांधे आरंभी राइटिंग्टन येथे प्रशिक्षण घेतलेल्या शल्यविशारदांनाच देण्याचा दंडक त्यांनी पाळला.

जंतुसंसर्गावर नियंत्रण

रोपणाभोवती जंतुसंसर्ग झाल्यास बहुधा ते काढूनच टाकावे लागते. म्हणून चार्नली यांनी शुद्ध हवेचा अखंड झोत असलेला शस्त्रक्रियाकक्ष आणि शल्यविशारदाचा उच्छ्वास बाहेर खेचून नेणारा पोशाख विकसित केला. अशा उपायांमुळे संसर्गाचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले.

सन्मान व मृत्यू

चार्नली यांना १९७४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९७७ मध्ये त्यांना सर हा किताब देण्यात आला. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

सिमेंटचा वापर आजही प्रचलित आहे. मात्र सिमेंट व हाड यांच्यात सजीव बंध निर्माण होत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यास, चार्नली यांच्या निधनानंतर, हायड्रॉक्सिॲपटाइटचा लेप दिलेले सिमेंटविरहित कृत्रिम खुबे वापरात आले. हायड्रॉक्सिॲपटाइट हे कॅल्शियम व फॉस्फेटयुक्त संयुग असून हाडातील खनिजाशी त्याचे निकटचे साम्य आहे. अतितप्त प्लाझ्माच्या झोताने त्याची भुकटी धातूवर फवारून पातळ थर तयार केला जातो. अस्थिजनक पेशी या थरावर स्थिरावतात आणि नवे हाड थेट त्यावर वाढते. मात्र रोपण आरंभी हलत राहिल्यास हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. त्यामुळे रोपण घट्ट बसवण्याचा चार्नली यांचा आग्रह या नव्या पद्धतीतही तितकाच महत्त्वाचा ठरतो.