संत जोसेफ वाझ यांचें सिलोनांतील पहिलें वर्ष

परदेशीं जाऊन प्रभूच्या मळ्यांत राबलेल्या धर्मवीरांचीं नांवें ख्रिस्तसभेच्या इतिहासांत थोडीं नाहींत. त्यांपैकीं पुष्कळांच्या पाठीशीं राजसत्तेचें बळ होतें. प्रवासास गलबतें, राहावयास मठ आणि खर्चास द्रव्य होतें. आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त ज्या संताचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यांच्याजवळ यांतलें कांहींएक नव्हतें. गोव्याच्या मातींत जन्मलेले फादर जोसेफ वाझ १६८७ सालीं सिलोन बेटांत, म्हणजे आजच्या श्रीलंकेंत, उतरले ते मजुराच्या वेषांत, एका सेवकासह आणि उपाशी पोटीं. पुढें जवळजवळ चोवीस वर्षें त्यांनीं त्या बेटाची सेवा केली. परंतु आम्ही येथें विशेषतः पहिल्या वर्षाचीच हकीकत सांगणार आहों. कारण पुढील सर्व यशाचें बीज त्यांतच आहे.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं साष्टींतील बाणावली या त्यांच्या आजोळच्या गांवीं झाला. वडिलांचें घर सांकवाळ येथें. गोवा शहरांत जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजांत आणि पुढें डोमिनिकन पंथाच्या विद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें व १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. गोरगरीब अनवाणी चालतात, तर आपणहि तसेंच चालावें, असा नेम त्यांनीं तेव्हांच धरला. सिलोनांतील कॅथलिकांची हलाखी कानीं आल्यापासून तिकडे जाण्याची त्यांस तळमळ लागली होती. परंतु वरिष्ठांनीं १६८१ सालीं त्यांस कानडा प्रांतीं पाठविलें. ती आज्ञा त्यांनीं निमूटपणें शिरसावंद्य मानिली आणि मंगळूर, बसरूर, गंगोळी या बाजूस तीन वर्षें अविश्रांत श्रम केले. परत आल्यावर १६८५ सालीं ते गोव्यांतील देशी धर्मगुरूंच्या एका लहानशा संघांत शिरले. हाच संघ पुढें संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरी पंथाचा म्हणून प्रसिद्धीस आला. संघानें त्यांस प्रमुख नेमिलें; पण सिलोनची हांक त्यांस स्वस्थ बसूं देईना. परवानगी मिळतांच तें पद सोडून १६८६ सालीं ते निघाले.

ते जेथें निघाले होते तेथील स्थिति कशी होती? पोर्तुगीज अमदानींत सिलोनच्या किनाऱ्यावरील पुष्कळ लोक कॅथलिक झाले होते. परंतु १६५६ सालीं कोलंबो आणि १६५८ सालीं जाफना डचांच्या हातीं पडलें. डच सरकार कॅल्विनपंथी. कॅथलिक धर्मगुरु म्हणजे पोर्तुगीजांचा हेर, अशी त्याची पक्की समजूत. धर्मगुरूंस हद्दपार करण्यांत आलें, देवळें डचांनीं आपल्या उपासनेकरितां घेतलीं, आणि जो कोणी कॅथलिक धर्मगुरूस आसरा देईल त्यास देहान्त शिक्षा होईल, असा हुकूम १६५८ सालींच निघाला. सुमारें तीस वर्षें हें असें चाललें. मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, मरणाऱ्याच्या कपाळीं पवित्र तेल नाहीं. धर्मगुरूचें दर्शनहि ज्यांस घडलें नाहीं, अशीं मुलें वाढून स्वतः आईबाप झालीं. दिवसा डचांच्या देवळांत हजेरी लावावयाची आणि रात्रीं घराचें दार लावून जपमाळ ओढावयाची, अशी कित्येक घरांची रीत होऊन बसली.

अशा ठिकाणीं गोऱ्या धर्मगुरूस पाय ठेवणें शक्य नव्हतें. पण सावळ्या वर्णाचा, अनवाणी चालणारा माणूस मजुरांच्या घोळक्यांत सहज मिसळून जाईल, हें फादर वाझ यांनीं ओळखलें. त्यांच्याबरोबर जुवांव नांवाचा एक विश्वासू सेवक होता. दोघे दक्षिणेकडे वाटचाल करीत तुतिकोरीन बंदरास आले. जाफन्याची भाषा तामीळ, म्हणून ती शिकण्यास त्यांनीं आधींच आरंभ केला होता. तेथें त्यांनीं झगा उतरवून मजुराचीं वस्त्रें चढविलीं आणि १६८७ च्या ईस्टरच्या सुमारास एका गलबतांत जागा मिळविली. पण समुद्र खवळला. थोड्या दिवसांचा प्रवास लांबत गेला, शिधा संपला, आणि मन्नार येथें धक्क्यास लागेपर्यंत सर्वांचे हाल झाले. तेथून ते दोघे जाफन्यास पोंचले.

ज्या कामासाठीं इतका खटाटोप केला, त्यास हात घालण्यापूर्वींच फादर वाझ यांस अतिसारानें गांठलें. अंगीं त्राण उरलें नाहीं. रोग गांवांत पसरेल या भीतीनें त्यांस वस्तीबाहेर रानांतील एका झोंपडींत नेऊन ठेवण्यांत आलें. शुश्रूषा करतां करतां जुवांवहि आजारी पडला. परक्या मुलखांत, औषधावांचून, दोघांनीं तेथें मरणाची वाट पाहावी, अशीच ती वेळ होती. परंतु एका कनवाळू स्त्रीस त्यांची दया आली. ती त्यांस पेज आणून देऊं लागली आणि त्या पेजेवर दोघेहि हळूहळू सांवरले. वाचकहो, या गोष्टीचा आम्हीं नीट विचार करावा. जो मेंढपाळ कळपास चारावयास आला, त्यासच आधीं दुसऱ्याच्या हातची पेज प्यावी लागली. सिलोनांतील त्या महान् कार्याचा आरंभ प्रवचनानें झाला नाहीं. एका बाईनें भुकेल्या परक्यास अन्न दिलें, त्यानें झाला.

अंगांत शक्ति येतांच दुसरी अडचण उभी राहिली. कॅथलिक कोण हें ओळखावें कसें? विचारावें तर चहाडी होण्याचें भय. आणि आपली ओळख दिली तर आपल्याबरोबर यजमानाच्याहि गळ्यास फांस. तेव्हां फादर वाझ यांनीं एक युक्ति योजिली. जपमाळ उघडपणें गळ्यांत घातली आणि हातांत भिक्षापात्र घेऊन ते दारोदार फिरूं लागले. कोणी हांकलून दिलें, कोणी मूठभर तांदूळ घातले. ते मात्र भिक्षेकडे नव्हे, तर देणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहत. जपमाळेवर ज्यांची नजर खिळून राही आणि चेहरा बदलून जाई, त्यांचीं घरें ते मनांत टिपून ठेवीत. अशा घरीं पुन्हां पुन्हां जाऊन, बोलून, पारखून घेतल्यावरच त्यांनीं आपण धर्मगुरु आहों हें एका विश्वासू कुटुंबास सांगितलें. त्या घरच्यांच्या मनाची काय स्थिति झाली असेल, याची कल्पनाच करावी! ज्यास रोज भिकारी समजून तांदूळ घातले, तोच तीस वर्षें वाट पाहिलेला गुरु निघाला.

ही वार्ता एका कानांतून दुसऱ्या कानांत गेली, पण डच अधिकाऱ्यांच्या कानांपर्यंत पोंचली नाहीं. रात्रीं दारें लावून मिस्सा होऊं लागला. पापनिवेदनासाठीं वृद्ध आले, बाप्तिस्म्यासाठीं मुलें आणिलीं गेलीं. जाफना शहरांत धोका फार, म्हणून पुढें फादर वाझ सिल्लालै नांवाच्या गांवीं जाऊन राहिले. हें गांव कॅथलिक धर्मावर अढळ राहिलेलें. गांवकऱ्यांनीं त्यांस आपल्या जिवापलीकडे जपलें. तेथून ते रात्रीं वेष पालटून आसपासच्या खेड्यांत आणि शहरांत जात व उजाडण्यापूर्वीं परतत. पहिल्या वर्षाच्या अखेरीस दाखविण्यासारखें देऊळ नव्हतें, घंटा नव्हती, शाळा नव्हती. पण विखुरलेल्या घरांस आपण एकटे नाहीं हें कळलें होतें. आणि हेंच त्या वर्षाचें फळ.

पुढील चरित्र आम्ही थोडक्यांत सांगतों. डचांचा छळ वाढल्यावर फादर वाझ पुत्तलमकडे गेले आणि १६९२ सालीं कँडीच्या बौद्ध राजाच्या मुलखांत शिरले. तेथें हेर समजून त्यांस कैदेंत टाकण्यांत आलें. १६९३ सालीं अवर्षण पडलें असतां त्यांच्या प्रार्थनेनें पाऊस आला, असें परंपरा सांगते. त्यानंतर राजा दुसरा विमलधर्मसूर्य यानें त्यांस मोकळीक दिली. १६९७ सालीं देवीची सांथ आली, तेव्हां घरच्यांनीं टाकलेल्या रोग्यांस त्यांनीं स्वहस्तें धुतलें, जेवूं घातलें. रानांतल्या झोंपडींत स्वतः टाकून दिलेला माणूस तें दुःख कसें विसरेल? गोव्याहून त्यांच्या संघाचे धर्मगुरु मदतीस आले व कार्य फोफावलें. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें त्यांनीं देह ठेविला. कोलंबो येथें १९९५ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस धन्य आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं संत म्हणून घोषित केलें.

महोत्सवाच्या दिवशीं आम्ही आपल्या देवळाचीं वर्षें मोजतों, आणि तें योग्यच आहे. परंतु देवळाच्या भिंती नसतांहि धर्म कोणी टिकविला, हें संत जोसेफ वाझ यांचें पहिलें वर्ष आम्हांस सांगतें. ज्यांनीं घरांत जपमाळ सोडली नाहीं आणि ज्यांनीं दारीं आलेल्या परक्यास विन्मुख पाठविलें नाहीं, त्यांनींच तो टिकविला. आमच्याहि घरीं संध्याकाळची जपमाळ अखंड चालो, आमच्या दारांतून भुकेला रिक्त हस्तें न जावो, आणि परदेशीं प्रभूच्या सेवेस गेलेल्या आमच्या धर्मगुरूंस व भगिनींस प्रथम वर्षाच्या कठीण दिवसांत कोणीतरी पेजेची वाटी पुढें करणारें भेटो, एवढीच आम्ही संत जोसेफ वाझ यांच्या मध्यस्थीनें परमेश्वराजवळ प्रार्थना करितों.